भिंत झाकली जाण्याआधी

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचे दोन तास एकाच ठरावावर गेले. ठराव साधा होता: घरात तोडफोडीचे काम काढणाऱ्याने काम सुरू होण्याआधी आणि ते चालू असताना स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घ्यावी. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, घर माझे, कर्जाचे हप्ते मी भरतो, मग माझ्या बाथरूममध्ये परका माणूस येऊन काय बघणार? दुसरा म्हणाला, सगळी तोडफोडच बंद करा, ऐकले नाही तर पालिकेत तक्रार करून पाडायला लावा. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. नऊ वर्षे सचिवपद सांभाळल्यामुळे हे दोन्ही सूर माझ्या ओळखीचे आहेत. एखादी इमारत कोसळली की शहरभर हीच चर्चा होते आणि तिथेही हेच दोन सूर लागतात: एकीकडे 'इन्स्पेक्टर राज नको', दुसरीकडे 'कडक कारवाई करा'.

माझे मत असे की दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. तपासणी हवी की नको, हा प्रश्नच नाही. तपासणी आजही होते, पण ती तक्रार झाल्यावर, काम संपल्यावर आणि धमकीच्या रूपात होते. तिला तपासणी म्हणणेच चूक आहे. खरी तपासणी ठरलेल्या दिवशी, हातोडा पडण्यापूर्वी एकदा आणि गिलावा चढण्यापूर्वी एकदा व्हायला हवी. तिच्यात घरमालकावर संशय घेण्याचा भाग नाही. वरच्या-खालच्या मजल्यांवर झोपणाऱ्या माणसांचा तो हक्क आहे.

हे मी आठवणीतल्या दोन तारखांवरून म्हणतो. १८ जुलै २००७ रोजी बोरिवलीत लक्ष्मी छाया ही सात मजली इमारत कोसळली आणि जवळपास ३० माणसे गेली. तळमजल्यावरच्या दुकानाचे नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला होता. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई कोसळली, १७ माणसे गेली. इथेही तळमजल्यावरच काम चालू होते, तिथल्या नर्सिंग होमच्या जागेत. या कामाला आपण हरकत घेतली होती, असे बचावलेले रहिवासी तेव्हा सांगत होते. या दोन घटनांमध्ये बरोबर दहा वर्षे आणि सात दिवसांचे अंतर आहे. महिना तोच, मजला तोच, कारणही तेच. मधल्या दशकात आपण ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे केले. ते योग्यच झाले. पण ऑडिट म्हणजे एका दिवशी घेतलेली नोंद. इंजिनीअर सोमवारी अहवाल देऊन गेला आणि गुरुवारी तळमजल्यावर ड्रिल मशीन सुरू झाले, तर त्या अहवालाचा काय उपयोग? इमारत म्हातारपणाने हळूहळू थकते हे आपल्याला समजते. ती एका आठवड्यात, धडधाकट असताना मारताही येते, हे अजून आपल्या नियमांत उतरलेले नाही.

हे कसे घडते ते जरा नीट पाहू, कारण सभांमधल्या भांडणात नेमके हेच कोणी बोलत नाही. आर.सी.सी. (सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या) इमारतीत भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून पायात उतरतो. मधल्या विटांच्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या आडोशाच्या असतात, म्हणून ठेकेदार 'ही पार्टिशनची भिंत आहे, काही होत नाही' असे छातीठोकपणे सांगतो, आणि दहातल्या बऱ्याच वेळा ते खरेही निघते. पण दादर-गिरगावातल्या किंवा पुण्याच्या जुन्या पेठांतल्या अनेक इमारती लोड बेअरिंग आहेत. तिथे नऊ इंची भिंत हाच खांब असतो. दुसऱ्या टोकाला आजचे टॉवर. मायव्हन पद्धतीने बांधलेल्या इमारतीत विटांची भिंत जवळजवळ नसतेच, सगळ्या भिंती सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे स्वयंपाकघर मोठे करायला भिंत काढणे म्हणजे कॉलम काढण्यासारखेच. जुनी चाळ, सत्तरच्या दशकातली तीन मजली इमारत आणि नवा टॉवर, तिन्हींकडे भिंत रंगवल्यावर सारखीच दिसते. फरक कागदावर असतो, आणि गवंड्याला तो कागद कोणी दाखवलेला नसतो.

शिवाय सगळेच धोके हातोड्याचे नसतात. जुनी लादी काढायचा खर्च आणि डेब्रिज उचलायचा त्रास वाचवायला तिच्यावरच नवी लादी बसवतात. मसाला आणि लादी मिळून ५० मिलिमीटरचा थर धरला तर चौरस मीटरला १०० किलोच्या वर भार वाढतो. घराच्या खोलीत माणसे आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानक चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरते. यातला निम्मा भार एका लादीने कायमचा खाल्ला. पन्नास चौरस मीटरच्या घरात हे पाच टन होतात. एकाच रांगेतल्या सात मजल्यांनी तेच केले तर पस्तीस टन. प्रत्येकाने फक्त आपल्या घरात फक्त लादी बदलली, नियम कोणीच मोडला नाही, आणि तरीही तळातल्या कॉलमांवर मिळून पस्तीस टन येऊन बसले. 'माझे घर, माझा प्रश्न' हे वाक्य त्या कॉलमपाशी खोटे ठरते. आपण विकत घेतो ते चार भिंतींमधले क्षेत्रफळ. कॉलम सगळ्यांच्या सामाईक मालकीचा असतो, मग तो आपल्या बेडरूमच्या कोपऱ्यातून का जात असेना.

आता विरोधकांचे सर्वांत भक्कम मुद्दे घेतो. ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला मुद्दा भ्रष्टाचाराचा. तपासणीचा अधिकार दिला की चहापाण्याचा दर ठरतो, असे लोक म्हणतात ते अनुभवाने म्हणतात. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्या प्रकरणात बिल्डरांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली, आरोप लाचेचे होते. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला माझगावात बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ माणसे गेली. ती इमारत पालिकेची स्वतःची होती, राहत होते ते पालिकेचेच कर्मचारी. तळमजल्याचे गोदाम भाड्याने दिलेले होते आणि तिथे केलेल्या फेरबदलांवर पुढे ठपका आला. ज्या संस्थेला स्वतःच्या घराखालचा फेरबदल दिसला नाही, तिला आम्ही आमच्या घरात का बोलवावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही.

पण या दोन घटना नेमके काय सिद्ध करतात? मुंब्र्यात तपासणीची ठरलेली वेळ आणि उघडी नोंद असती, तर डोळेझाक विकणे इतके सोपे गेले नसते. माझगावात तर कोणी, कधी, काय पाहायचे हेच ठरलेले नव्हते. लाच नेमकी कशाची घेतली जाते हे जवळून पाहिलेले लोक जाणतात. 'तुमची भिंत चुकीची आहे' हे सांगण्याचे पैसे फार थोडे मिळतात. पैसे मिळतात ते उशिराचे. काम अर्धे उघडे, मजूर बसून, घरचे लोक भाड्याच्या जागेत, पंधरा दिवसांवर मुलीचे लग्न, आणि अशा वेळी 'साहेब रजेवर आहेत'. उशीर हेच त्या धंद्याचे भांडवल आहे. ते काढून घेता येते. बोलावल्यापासून दोन कामाच्या दिवसांत तपासनीस आला नाही, तर घरमालकाने तारखेसह छायाचित्रे काढून जमा करावीत आणि काम पुढे न्यावे. न आल्याची जबाबदारी तपासनिसाची. काय पाहायचे त्याची यादी छापील असावी. शेरा जागेवरच लेखी मिळावा आणि त्याची प्रत वरच्या-खालच्या घराला त्याच दिवशी जावी. ज्या कागदाची प्रत शेजाऱ्याच्या हातात आहे, त्यावर सौदा करणे कठीण जाते.

दुसरा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. सरकारी माणूस घरात शिरण्याची आपल्या समाजाची एक जुनी जखम आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, सामान बाहेर फेकले, देवघर आणि माजघर पाहिले नाही; त्या वर्षी २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. रोग खरा होता, माणसे मरत होती, तरी शहर पेटले. सत्ता उंबरा ओलांडते तेव्हा हेतू चांगला असून भागत नाही, हे आपण त्यातून शिकलो आहोत. म्हणून 'घरात कोणी येऊ नये' ही भावना मला आडमुठी वाटत नाही.

पण आज मुंबईत पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी घरात येतो, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा बघतो, पिंपाचे झाकण उघडतो, अळ्या सापडल्या तर नोटीस देतो. गॅस एजन्सीचा माणूस स्वयंपाकघरात येऊन रबरी नळी आणि रेग्युलेटर तपासतो. लिफ्टची तपासणी झाली नाही तर आपणच सचिवाला धारेवर धरतो. या तिघांच्या विरोधात मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. कारण तो काय बघायला आला आहे हे आपल्याला ठाऊक असते, तेवढेच बघून तो निघून जातो, आणि माझ्या कुंडीतला डास शेजारच्या लेकराला चावतो हे पटलेले असते. रँडचे सोजीर कारण न सांगता, वेळ न ठरवता, वाटेल तिथे हात घालत होते. उंबरा दोन्हीकडे ओलांडला जातो. फरक पडतो तो मर्यादेने. डासाबद्दल जे आपण मान्य केले ते कॉलमबद्दल मान्य करायला काय अडचण आहे?

तिसरा आक्षेप असा की कायदे आहेतच, नवे कशाला? इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण कायदे काय बघतात हे पाहिले तर चकित व्हायला होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ४३ नुसार विकासकामाला परवानगी लागते. पण इमारतीच्या फक्त आतल्या भागावर परिणाम करणारी किंवा बाहेरचे रूप फारसे न बदलणारी दुरुस्ती-सुधारणा त्यातून वगळली आहे. नगररचनेच्या कायद्याचा डोळा रस्त्यावर उभा आहे. त्याला वाढवलेली गॅलरी दिसते, शेड दिसते, खिडकीची बाहेर आलेली ग्रिल दिसते, आणि नोटिसा त्यांनाच जातात. माणसे मारणारी भिंत आत असते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये जास्त शहाणपण आहे. गिलावा, रंग, लादी बदलणे, नळ-संडासाची दुरुस्ती अशा किरकोळ कामांना तिथे सूट आहे. भार घेणारा भाग काढणे किंवा पोटमाळा वाढवणे त्या सुटीत बसत नाही. म्हणजे काय पाहायचे आणि काय सोडायचे याची रेघ कायद्याने ओढून ठेवलेली आहे. (लादीवर लादी चढवण्याचे ओझे त्या रेघेबाहेर राहते, ते आत घ्यायला हवे.) त्या रेघेवर कामाच्या वेळी कोणी उभा नसतो, एवढीच खोट आहे.

कोणी म्हणेल, परवानाधारक इंजिनीअरचे प्रमाणपत्र पुरे, पालिका मध्ये नको. ही सूचना समंजस वाटते आणि आमच्या सभेतही सर्वाधिक टाळ्या तिलाच मिळाल्या. पण तिचा निकाल आपण दुसरीकडे पाहतोच आहोत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतींनी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा ठीक असल्याचे प्रपत्र 'ब' भरून द्यायचे असते. किती सोसायट्यांत ते देण्यापूर्वी खरोखर पंप चालवून, नळीतून पाणी सोडून पाहतात, हे प्रत्येक सचिवाने स्वतःला विचारावे. मी स्वतःला विचारले, आणि माझ्या पहिल्या दोन वर्षांचे उत्तर चांगले नव्हते. ज्याचे काम तपासायचे तोच फी देणार आणि तोच माणूस निवडणार, तर प्रामाणिक इंजिनीअरला काम मिळणार नाही आणि सही करून मोकळा होणारा मात्र दिवसभर व्यस्त राहील. इंजिनीअर खासगीच असू द्या. पण पालिकेच्या यादीतून त्याचे नाव चिठ्ठीने निघावे, फी पालिकेकडे किंवा सोसायटीकडे जमा व्हावी, आणि वीसातल्या एखाद्या कामाला पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने न सांगता जाऊन पडताळणी करावी. मनुष्यबळ कोठून आणायचे, या प्रश्नाचेही यात उत्तर आहे: पालिकेने लाखो घरे तपासायची नाहीत, तपासणाऱ्यांवर नजर ठेवायची.

गरिबांचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. वस्तीत छताचा पत्रा बदलला तरी दारात माणूस उभा राहतो, आणि मोठ्या टॉवरमध्ये दोन फ्लॅट एक करताना अख्खी भिंत उडवली तरी कोणी फिरकत नाही. नवी तपासणी याच रीतीने राबवली तर तिला माझाही विरोध असेल. म्हणून ती घराच्या कायदेशीरपणाशी जोडू नये. भिंत भार घेते की नाही हे पाहायला आलेल्याने पोटमाळ्याचा कागद मागू नये, ग्रिल मोजू नये. धोक्याची आणि अतिक्रमणाची फाइल एकच असली तर लोक दार उघडणार नाहीत, आणि मग खचलेला कॉलमही बंद दाराआड राहील. कोळीवाड्यात, गावठाणात, चाळीत ही फी माफच असावी. तिथे इंजिनीअरचा सल्ला मिळणे हाच मोठा लाभ आहे.

मालकाचे यात काहीच नाही, असेही समजू नका. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यातल्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला तर बिल्डरने तो दुरुस्त करून द्यायचा असतो. पण बाथरूम हलवलेल्या घरात गळती सुरू झाली की 'तुम्ही तोडफोड केलीत' हे बिल्डरचे पहिले उत्तर असते. काय तोडले आणि काय नाही याची तारीखवार नोंद असेल तर ते उत्तर टिकत नाही. खालच्या मजल्याशी वर्षानुवर्षे चालणारी गळतीची भांडणेही याच नोंदीने मिटू शकतात: बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवण्याआधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. चांगला ठेकेदार हे करतोच. घाईतला करत नाही, आणि त्याचा ओला डाग सहा महिन्यांनी खालच्या आजींच्या पलंगावर उतरतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जमिनीच्या तंट्यांत शेजाऱ्यांची साक्ष प्रमाण मानली आहे. भिंत कुठे होती, पाणी कुठून वाहते, हे शेजाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आपण मात्र शेजाऱ्याला साक्षीदार करण्याऐवजी तक्रारदार करून ठेवले आहे. त्याला काम संपेपर्यंत काही दाखवायचे नाही, आणि मग तो वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन गेला की त्याला आगलाव्या म्हणायचे.

माझ्या सचिवपदाच्या चौथ्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर असेच एक काम निघाले. आठवडाभर ड्रिल चालू होते. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या फरशीला केसाएवढी भेग गेली, तेव्हा त्यांनी मला बोलावले. मी खाली गेलो तर हॉल आणि बेडरूममधला कॉलम दोन्ही बाजूंनी छिलून भिंतीच्या रेषेत आणला होता, कारण कपाट सरळ बसत नव्हते. दोन ठिकाणी सळई उघडी होती. घरमालक सज्जन माणूस, त्यांना ठेकेदाराने 'फक्त प्लास्टर काढलंय' असे सांगितले होते. मी पत्र लिहिले, तक्रार केली. अधिकारी आले, तेव्हा एकोणचाळीस दिवस झाले होते. भिंतीवर फिकट निळा रंग लागला होता आणि समोर ते कपाट उभे होते. त्यांनी खोली पाहिली, बाहेरची ग्रिल पाहिली, आणि ग्रिलबद्दल नोटीस दिली. पुढे आम्ही सोसायटीच्या खर्चाने कपाट हलवून, रंग खरवडून तो कॉलम दुरुस्त करून घेतला. तेव्हा इंजिनीअरने पहिला प्रश्न विचारला होता, मूळ आर.सी.सी. नकाशे कुठे आहेत? ते आमच्याकडे नव्हते, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक सोसायट्यांकडे आजही नाहीत. मूळ बिल्डरच्या कार्यालयात, जुन्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडे आणि माहिती अधिकारात पालिकेकडे फेऱ्या मारून ते जमवायला मला सात महिने लागले.

आता त्यांची एक प्रत सोसायटीच्या कपाटात आहे, भार घेणारा प्रत्येक भाग लाल पेन्सिलीने रंगवून. त्यानंतर आमच्या इमारतीत पाच घरांनी काम काढले. तिघांनी ठेकेदाराला घेऊन येऊन तो नकाशा पाहिला. दोघांनी पाहिला नाही, आणि ठराव मंजूर नसल्याने मी त्यांना भाग पाडू शकलो नाही. पुढची सभा सप्टेंबरात आहे. पहिल्या मजल्यावरचे काम दिवाळीनंतर निघणार आहे.